पकडीसाठी काय लावावे

॥ श्री ॥

मालवण
दि. ९ जानेवारी २०२५

चि. आकांक्षा हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी, सुदेश भिकाजी वायंगणकर, बी.कॉम., वय वर्षे छप्पन, मालवण बंदराजवळील नौकासाहित्याच्या दुकानाचा मालक आणि तुझा वडील, हे पत्र एका पार्सलचा खुलासा मागण्यासाठी लिहीत आहे. फोनवर हे विचारता आले असते. परंतु गेले सात महिने आपला फोन ‘जेवलीस का’ आणि ‘जेवलात का’ या दोन प्रश्नांनंतर संपतो, असा अनुभव आहे. तिसऱ्या प्रश्नाला जागा उरत नाही. म्हणून पत्र.

काल दुपारी साडेबारा वाजता ‘सौ. विनीता सुदेश वायंगणकर’ या नावाने एक खोका आला. आणणाऱ्याने सांगितले की सही बाईंचीच हवी. त्या नाहीत, असे मी म्हणालो. कधी येतील, असे त्याने विचारले. मी सही केली आणि नात्याच्या रकान्यात ‘पती’ असे लिहिले. तो गेला.

खोक्यात तीन वस्तू निघाल्या. एक, पांढऱ्या पातळ द्रवाची बाटली. हलवून तळहातांना चोळावी, वाळू द्यावी, अशी सूचना. दोन, चपटा पत्र्याचा डबा, आत पिवळसर मेणासारखा चिकट पदार्थ. तीन, पायांच्या त्वचेवर फवारण्याची लहान बाटली. तिन्हींवर ‘पकडीसाठी’ असे छापले आहे, कशाच्या पकडीसाठी ते नाही. आलेल्या मालाचा उपयोग समजल्याखेरीज तो फळीवर ठेवायचा नाही, ही माझी रीत तुला ठाऊक आहे. तुझ्या आईने हे कशासाठी मागवले असावे, याची तुला कल्पना असल्यास कळवावे.

घरी ठीक आहे. सुगंधाआत्या आठवड्यातून दोनदा येते, कालवण ठेवून जाते आणि जाताना दर वेळी सांगते, “एकदा रडान घे रे भाई, मोकळो होशीत.” मी एका रविवारी प्रयत्न केला. जमले नाही.

उत्तर सवडीने पाठव, पण पाठव.

तुझा,
बाबा


पुणे
१७ जानेवारी २०२५

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमचं नाव, वय आणि पदवी मला आधीपासून ठाऊक होती. ‘तुझा वडील’ हे मात्र दोनदा वाचलं. त्याबद्दल बऱ्याच दिवसांत लेखी काही मिळालं नव्हतं.

खोका माझा आहे. आईच्या नावाच्या खात्यावरून मी मागवायचे, तो मालवणला यायचा, आणि आई तो खाज्याच्या पुडक्यात दडवून मला पाठवायची. या वेळी पत्ता न बघता मी बटण दाबलं. तिचं नाव आपोआप गेलं. त्या माणसानं कधी येतील विचारलं, हे वाचून मी ऑफिसातून उठून बाहेर उभी राहिले. काही झालं नाही, परत येऊन बसले.

आता खुलासा. उभा, गुळगुळीत स्टीलचा खांब असतो, पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचा. त्यावर नुसत्या हातापायांच्या पकडीनं चढायचं, फिरायचं, उलटं लटकायचं, आणि ते बघणाऱ्याला नाचासारखं दिसलं पाहिजे. त्याला पोल डान्स म्हणतात. मी तीन वर्षं शिकते आहे. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे जे आलं असेल ते आईच्याही आलं होतं. मग ती पुण्याला आली, कोपऱ्यात खुर्ची टाकून दीड तास बसली, आणि बाहेर पडल्यावर म्हणाली, “ह्यां तुज्या बापाशीक जमला असता गो. पण घामान हात सुटले असते.” तुम्हाला ती सांगणार होती. योग्य वेळ शोधत होती.

तुमचे घामाळ हात मला आले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. दहावीच्या पेपरला आपण दोघांनीही हाताखाली रुमाल घेतला होता, पंचवीस-तीस वर्षांच्या अंतरानं. खांबावर रुमाल चालत नाही. म्हणून ती पांढरी बाटली: त्यात खडूसारखी भुकटी स्पिरिटमध्ये कालवलेली असते, स्पिरिट उडून जातं, भुकटी घाम शोषते. चार बाटल्या मागवून, स्वयंपाकघरातल्या बरणीच्या झाकणांवर माझी पकड बघून आईनं हीच ठरवली. डबा कोरड्या हातांसाठी असतो, तो चिकटपणा देतो. डबा आणि फवारा संचात फुकट येतात. ते तुम्ही ठेवा, मला बाटली तेवढी लगेच पाठवा.

घाई अशासाठी की २३ मार्चला माझी प्रशिक्षक होण्याची परीक्षा आहे. पास झाले तर इथला क्लास चालवणाऱ्या इफ्रा मॅडम (आपल्या देवगडच्याच) मला शिकवायला ठेवून घेणार आहेत आणि मी ऑफिस सोडणार आहे. नाही झाले तर ती जागा दुसरीला जाईल. तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. फोनवर सांगू नका, तिथं कळत नाही.

लोभ आहे तेवढा तरी असू द्यावा.

तुमची,
आकांक्षा


मालवण
दि. २७ जानेवारी २०२५

चि. आकांक्षा हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र वाचले. राग येईल, अशी माझी अपेक्षा होती. न आल्याने पुन्हा वाचले. दुसऱ्यांदाही आला नाही. याचा अर्थ माझी संमती आहे, असा तू घेऊ नयेस. विरोध आहे, असाही घेऊ नयेस. सध्या माझ्याकडे दोन्ही नाही.

बाटली लगेच पाठवली नाही, त्याचे कारण देतो. ज्या वस्तूवर माणसाचा भार पडणार, ती स्वतः ताणून पाहिल्याशिवाय मी कोणाला देत नाही. दोराच्या बाबतीत हे तीस वर्षे पाळले आहे. सबब दुकानाच्या मागील पडवीत तुळईपासून जमिनीपर्यंत, ट्रॉलरच्या कठड्यासाठी आणलेली स्टीलची नळी मी उभी बसवून घेतली. जाडी अठ्ठेचाळीस मिलिमीटर आहे, पंचेचाळीसची मिळाली नाही. नळी दर वेळी स्पिरिटने पुसली. हात धुऊन, पुसून, डोक्याच्या उंचीवर धरून दोन्ही पाय उचलायचे व किती सेकंद टिकतो ते मोजायचे, असे ठरवले.

पहिल्याच वेळी तय्यब काझी, ज्याच्या ट्रॉलरसाठी ती नळी आणली होती तोच, जाळ्याची तरंगती बोये न्यायला आत आला. मी अधांतरी होतो. तो थोडा वेळ पाहत राहिला व म्हणाला, “सुदेशशेट, वर काय ठेवलेला आसा काय? माका सांगा, मी शिडी देतंय.” मी खाली उतरून त्यास सर्व सांगितले, तुझ्यासकट. तो हसेल असे वाटले होते. त्याने मनगटावरचे घड्याळ काढून हातात घेतले आणि मला पुन्हा चढायला सांगितले. पुढील सर्व वेळा त्याने मोजल्या आहेत, त्यामुळे त्यांत माझा पक्षपात नाही.

हातास काही न लावता पाच सेकंद. पांढरा द्रव लावून तीन. डब्यातील पदार्थ तांदळाच्या दाण्याएवढा घेऊन, तळहात गरम होईपर्यंत चोळून, चौदा. प्रत्येकी तीन वेळा करून सरासरी घेतली.

पांढऱ्या द्रवाने पकड कमी का झाली, याचा विचार करता एकच कारण सापडते. त्या भुकटीला शोषायला घाम लागतो. तो नसेल तर ती हात व खांब यांच्या मध्ये पिठासारखी राहते आणि सरकते. माझे तळहात, जे बाराव्या वर्षापासून ओले होते, ते गेल्या जूनपासून पूर्ण कोरडे आहेत. ही गोष्ट मी कोणास सांगितली नव्हती, कारण ती सांगण्याजोगी आहे असे वाटले नव्हते. आता तू माझ्यासारखे हात घेऊन दोन मीटर उंचीवर उलटी लटकतेस, म्हणून विचारतो. जूननंतर तुझेही हात कोरडे झाले आहेत काय? आणि त्या बाटलीवर विसंबून तू पडली आहेस काय?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी द्यावीत. बाटली सोबत पाठवत आहे. डबाही पाठवत आहे.

काळजी घेशील या खात्रीने,
बाबा


पुणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

होय. होय.

डिसेंबरात दोनदा पडले. एकदा खांद्यावर, एकदा पाठीवर. खाली जाड गादी असते. इफ्रा मॅडमनी दुसऱ्या वेळीच सांगितलं की तुझी कातडी बदलली आहे, बाटली बदल. मी हो म्हटलं आणि तीच लावत राहिले.

तुम्ही अधांतरी लटकलेले आणि तय्यबचाचा घड्याळ धरून उभे, हे मी इफ्रा मॅडमना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मला हसू आलं पाहिजे हे मला कळत होतं. बाबा, मला हल्ली खांबसुद्धा लागत नाही. म्हणजे तो थंड आहे की गरम, गुडघ्यामागं रुततोय की नाही, हे समजत नाही. हात धरतात म्हणून धरतात. पडले तेव्हाही आवाज ऐकू आला, तेवढंच.

डबा मी परत पाठवते आहे. तुमचं बरोबर आहे, तुमची सरासरीही बरोबर असणार. पण बाटली आईनं ठरवली होती. डबा लावायचा म्हणजे तिनं ठरवलेलं आता चालत नाही, असं मीच म्हणायचं. तेवढं मी म्हणणार नाही. परीक्षा होईपर्यंत मला याबद्दल काही लिहू नका.

रागावू नका. रागावलात तरी चालेल.

आकांक्षा


मालवण
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षा हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू लिहू नको म्हटले असताना लिहीत आहे. परीक्षेला चाळीस दिवस उरले आहेत आणि डबा काल परत आला.

तुझ्या आईने निवडलेल्या वस्तूच्या जागी बाजारातील दुसरी वस्तू ठेवणे तुला मान्य नाही, हे मी समजतो. मलाही घरात तसे अनेक ठिकाणी वाटते. तिच्या चष्म्याच्या घरात मी अजून माझा चष्मा ठेवलेला नाही, माझे मोडले असूनही. म्हणून मी निराळा मार्ग काढला आहे. सोबतच्या बरणीत आहे ती बाजारातील वस्तू नव्हे, आपल्या दुकानातील आहे. त्यामुळे ती कशाच्याही जागी येत नाही. होडीच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर जी राळ भरतात, तीच बारीक कुटून, चाळून, तीन भागांस एक भाग खोबरेल घालून मंद आचेवर विरघळवली आहे. पाण्याने ती सुटत नाही. तय्यबचे म्हणणे असे की, “दर्यात सुटना नाय ती खांबार काय सुटतली?”

पडवीत प्रयोग केला. एक्केचाळीस सेकंद. याहून अधिकही टिकलो असतो, परंतु तय्यबने पुरे म्हटले. डावा हात नळीवरून सोडवण्यास त्याची मदत घ्यावी लागली, हे नमूद करतो. तेलाचा भाग थोडा वाढवल्यास तो प्रश्न उरणार नाही, असे वाटते. तसा तो वाढवला आहे.

अगदी थोडे घेऊन पाहावे. पुन्हा पडू नयेस, एवढाच हेतू.

बाबा


पुणे
२० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमची राळ लागू पडली. इतकी की मी उतरू शकले नाही.

मंगळवारी दोन्ही हातांना आणि उजव्या पायाला, नडगीवर आणि गुडघ्यामागं लावली. थोडीच घेतली होती, शप्पथ. वर चढले, पाय अडकवला, हात सोडून उलटी झाले. पकड अशी की खांब माझ्याच हाडाचा आहे. मग अंगाच्या उबेनं ती मऊ झाली, पसरली, आणि पंख्याच्या वाऱ्यात पुन्हा घट्ट बसली. पाय निघेना. मी दोन मीटरवर, डोकं खाली. इफ्रा मॅडम शिडी घेऊन आल्या, स्पिरिटची बाटली आणि फडकं घेऊन गुडघ्यामागची कातडी बोट-बोटभर सोडवत होत्या आणि म्हणत होत्या, “तुज्या बापाशीन तुका होडी समाजल्यान काय गो?” शेवटी पाय सुटला तेव्हा नडगीवरची पाच रुपयांच्या नाण्याएवढी कातडी खांबावरच राहिली.

खाली येईपर्यंत मला काही कळलं नाही. गादीवर बसले आणि ते दुखायला लागलं. खूप दुखायला लागलं. जूननंतर पहिल्यांदाच काहीतरी माझं मला दुखत होतं, बाबा. मी रडायला लागले आणि मग ते नडगीसाठी राहिलं नाही. चाळीस मिनिटं. बाकीच्या मुली आवरून गेल्या. इफ्रा मॅडम तेवढा वेळ खांब पुसत बसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. खांब स्वच्छ व्हायला दुसरा दिवस उजाडला. तो त्यांनी माझ्याकडून पुसून घेतला.

आणि आज सकाळी चहाचा कप हातातून निसटला. तळहात ओले. पूर्वीसारखे, टपटप. आईची बाटली लावून चढले. टिकले. खांब थंड होता.

त्यामुळे मी रागावलेली नाही. पण बरणी परत पाठवते आहे, ती होडीलाच वापरा.

आता एक काम आहे. परीक्षेच्या शेवटच्या भागात प्रत्येकीनं असा एक विद्यार्थी आणायचा असतो ज्यानं कधी हे शिकलेलं नाही. त्याची त्वचा तपासायची, त्याला योग्य ते द्रव्य निवडून लावायचं आणि जमिनीपासून पाय उचलून पहिली पकड शिकवायची. सगळ्या आपापल्या मैत्रिणी आणणार आहेत. मला तुम्ही हवे आहात. पडवीतलं कोणाला सांगू नका, ते शिक्षणात धरलं जात नाही. गुडघ्याच्या वरपर्यंतची चड्डी लागेल, आदल्या दिवसापासून हातापायांना तेल लावू नका आणि अंगठी काढून ठेवा. डबा सोबत आणा, तुमच्या कोरड्या हातांना तोच लागणार.

याल ना? हो किंवा नाही असं लिहा.

तुमची,
आकांक्षा


मालवण
दि. १ मार्च २०२५

चि. आकांक्षा हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

होय.

नडगीस झालेल्या जखमेबद्दल मी जबाबदार आहे. राळ लाकडासाठी असते, लाकडाला कातडी नसते, हा विचार माझ्या हातून सुटला. तीस वर्षांत असा माल मी कोणास दिला नव्हता. पहिल्यांदा दिला तो तुला.

त्या चाळीस मिनिटांविषयी एवढेच लिहितो. तुला जमले, हे चांगले झाले.

चड्डी घेतली आहे. शाळा सोडल्यानंतर ही पहिलीच. सुगंधाने ती दोरीवर वाळताना पाहिली आणि कोणाची म्हणून विचारले. मी खरे सांगितले. ती म्हणाली, “विनीता असती तर फोटो काढून घेतल्यान असतो.” तय्यबने तर पायांना आताच ऊन दाखवायला सांगितले आहे, म्हणजे परीक्षक दिपणार नाहीत.

तुझ्या सूचनेप्रमाणे आदल्या दिवसापासून हातापायांस तेल लावणार नाही, अंगठी काढून ठेवीन. २२ तारखेस सायंकाळी पोचतो.

भेटीच्या प्रतीक्षेत,
बाबा


पुणे
२७ मार्च २०२५

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

निकाल आला. सत्तर लागतात, अडुसष्ट मिळाले. चढणं, फिरणं, उलटं होणं, सगळ्यांत चांगले आहेत. शेवटच्या भागात गेले. ‘द्रव्याची निवड व वापर’ या रकान्यात परीक्षक बाईंनी ‘नाही’ लिहून शून्य दिलं आहे, आणि वेळ पाच मिनिटं जास्त घेतली म्हणून तीन गुण कापले आहेत.

दोन्ही नियमांना धरून आहे. डबा टेबलावर होता आणि मी तो उघडला नाही. का नाही उघडला हे मला कोणी विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं.

इफ्रा मॅडम जागा एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत रिकामी ठेवणार आहेत, त्यानंतर त्यांचाही इलाज नाही. फेरतपासणीचा अर्ज करता येतो. मी करणार नाही. त्यात त्या पाच मिनिटांत काय झालं ते लिहावं लागेल, आणि ते तुमचं आहे, माझं नाही.

तुम्ही आलात. अंगठी काढल्याची पांढरी खूण बोटावर दिसत होती. मला तेवढं पुष्कळ झालं. वाईट वाटून घेऊ नका.

तुमची,
आकांक्षा


प्रति,
मा. परीक्षक,
प्रशिक्षक-पात्रता परीक्षा, पुणे

विषय : उमेदवार कु. आकांक्षा सुदेश वायंगणकर यांच्या गुणपत्रकातील एका नोंदीबाबत.

महोदया,

मी, सुदेश भिकाजी वायंगणकर, बी.कॉम., वय वर्षे छप्पन, मालवण येथील दुकानदार, दि. २३ मार्च रोजीच्या परीक्षेत वरील उमेदवाराने आणलेला विद्यार्थी व तिचा वडील, हे पत्र त्या दिवशी घडलेली वस्तुस्थिती आपणापुढे ठेवण्यासाठी लिहीत आहे. उमेदवाराने असा अर्ज करण्यास नकार दिला आहे. पत्राची प्रत तिला पाठवत आहे, म्हणजे तिच्या माघारी काही केले असे होणार नाही.

प्रथम वेळेविषयी. त्वचा तपासण्यासाठी तीन मिनिटे ठरलेली होती, आठ लागली. उमेदवाराने माझे दोन्ही तळहात आपल्या हातांत घेतले. ते थंड व कोरडे होते. आपल्याच तक्त्यात दिलेला प्रश्न तिने विचारला, “बाबा, कधीपासून कोरडे आहेत?” याचे उत्तर ‘जूनपासून’ असे देता आले असते. लेखी मी तसे यापूर्वी दिलेही होते. परंतु समोर विचारल्यावर मी म्हणालो, “तुझी आई गेली त्या दिवसापासून.” नऊ महिन्यांत हे वाक्य मी मोठ्याने उच्चारले नव्हते. त्यानंतर पुढील सूचना ऐकण्याच्या स्थितीत येण्यास मला पाच मिनिटे लागली. आपण त्या वेळी खिडकीकडे पाहत होता, हे माझ्या लक्षात आहे आणि मी त्याबद्दल आभारी आहे. ती पाच मिनिटे उमेदवाराची नव्हेत, माझी आहेत. नियमानुसार ती तिच्याकडेच धरावी लागत असतील तर माझी तक्रार नाही.

दुसरी गोष्ट द्रव्याची. उमेदवाराने डबा उघडला नाही, हे खरे आहे. त्या आठ मिनिटांत तिने माझे हात सोडले नाहीत, हेही खरे आहे. तिच्या तळहातांना घाम येतो. तो तिला माझ्याकडून आला आहे. त्या दिवशी तो इतका होता की माझ्या मनगटापर्यंत ओघळला. कोरड्या त्वचेला पकडीसाठी थोडी ऊब आणि थोडा ओलावा लागतो, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. तिने माझे हात तसेच खांबावर नेऊन ठेवले व पाय उचलण्यास सांगितले. मी सतरा सेकंद टिकलो. ही वेळ आपणच मोजली आहे. उमेदवारास माहीत असलेली परंतु तिने आपणास न सांगितलेली एक बाब मी सांगतो. मालवण येथे मी स्वतः अशा द्रव्यांची चाचणी घेतली होती. डब्यातील पदार्थाने मी चौदा सेकंद टिकलो होतो. पूर्वी खांब धरलेला नसलेला विद्यार्थी अशी माझी नोंद आपणाकडे आहे, ती या कबुलीमुळे बाधित होत असल्यास तो दोष माझा समजावा.

उमेदवारास उत्तीर्ण करावे, अशी विनंती मी करीत नाही. तो अधिकार आपला आहे. मात्र ‘द्रव्याची निवड व वापर’ या रकान्यात आपण ‘नाही’ असे लिहिले आहे, ते चूक आहे. वापरले आहे. ते कोणत्याही दुकानात मिळत नसल्याने त्याचे नाव लिहिणे शक्य नसेल, तर रकाना कोरा ठेवावा. ‘नाही’ असे लिहू नये.

आपला विश्वासू,

(सही)
सुदेश भिकाजी वायंगणकर
मालवण, जि. सिंधुदुर्ग
दि. ३१ मार्च २०२५